कळा पोटात नाहीत, कंबरेत आहेत: पहिलटकरणीनं आणि तिच्या सोबतिणीनं आधीच शिकून ठेवायच्या गोष्टी

"पोटात कायबी न्हाई ओ सिस्टर, समदं कंबरंतच हाय. ह्या कळाच हाईत न्हवं?"

तासगावकडची असो, जतकडची असो की मिरजेतली, पहिलटकरणीच्या तोंडून हा प्रश्न मी सांगली जिल्ह्यातल्या लेबर रूममध्ये २२ वर्षं ऐकत आले आहे. विचारणारीच्या चेहऱ्यावर दुखण्याइतकीच भीती असते. आईनं, सासूनं सांगितलेलं असतं की कळा ओटीपोटातून येतात, पोट आवळून धरल्यासारखं होतं. हिला पोटाचं काही जाणवतच नाही, आणि माकडहाडाच्या वर मात्र कुणी पहार घालून उचकटतंय असं वाटतं. घरचे म्हणतात, "वारं धरलं असंल, ओवा खा आणि पड जरा." मग ती पोर रात्रभर भिंतीला पाठ टेकून कण्हत बसते आणि पहाटे दवाखान्यात येते तेव्हा पार गळून गेलेली असते.

या कळा खऱ्याच असतात. फक्त जागा वेगळी. त्यांना तोंड द्यायची रीतही थोडी वेगळी आहे. हा लेख त्या पोरीसाठी आहे आणि तितकाच तिच्याबरोबर येणाऱ्या आईसाठी, सासूसाठी, नणंदेसाठी किंवा नवऱ्यासाठी. कारण पाठीतल्या कळांना सगळ्यात आधी लागतो तो मागं बसलेल्या माणसाचा हात, आणि तो हात कुठं, कसा ठेवायचा हे कळा सुरू झाल्यावर शिकायला वेळ नसतो. सातव्या-आठव्या महिन्यातच शिकून घ्या.

पाठच का दुखते

बाळाचं डोकं खाली आलं म्हणजे आपण निश्चिंत होतो. पण डोकं खाली असूनही बाळाचं तोंड दोन दिशांना असू शकतं. बहुतेक बाळं जन्माच्या वेळी आईच्या पाठीकडं तोंड करून येतात. काही बाळांची पाठ आईच्या पाठीला लागलेली असते आणि तोंड पुढं, आईच्या पोटाकडं. अशा वेळी बाळाच्या डोक्याची मागची टणक बाजू आईच्या कंबरेखालच्या चपट्या हाडावर दाबली जाते. प्रत्येक कळेला तो दाब वाढतो. आम्ही वॉर्डात याला "ओपी" म्हणतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "ऑक्सिपिटो पोस्टेरिअर" असं लिहून आलं असेल तर ते हेच.

हे वाचून घाबरू नका. कळा सुरू होताना अशी असलेली बाळं पुष्कळ असतात, आणि त्यातली बहुतेक कळांच्या जोरावर आतल्या आत फिरून सरळ होतात. जन्मापर्यंत तशीच राहणारी बाळं शंभरात साधारण ५. तशीच राहिली तरी नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. मात्र वेळ जास्त लागतो आणि कधी व्हॅक्यूम, चिमटा किंवा सिझरची गरज पडते.

दुसरं कारण मज्जातंतूंचं. गर्भाशय आणि त्याचं तोंड यांचे तंतू मणक्यात जिथं शिरतात, तिथंच कंबरेचेही तंतू येतात. त्यामुळं दुखतं गर्भाशयात आणि जाणवतं कंबरेत. बाळ अगदी सरळ असूनही काहींना सगळ्या कळा पाठीतच येतात. माझ्या पाहण्यात, पाळीच्या वेळी जिची कंबर मोडून येते, तिला बाळंतपणातही पाठ जास्त त्रास देते. म्हणजे पाठ दुखते म्हणून बाळाचं तोंड पुढं असेलच असं नाही. तसा निष्कर्ष घरच्या घरी काढू नका.

आपल्याकडं नवव्या महिन्यात सुनेला गुडघ्यावर बसवून फरशी पुसायला लावतात, "बाळ फिरतं" म्हणून. त्या अवस्थेत कंबरेवरचा भार उतरतो, बरं वाटतं, हे खरं. पण शेवटच्या महिन्यात रोज असं ओणवं राहिल्यानं जन्माच्या वेळी सरळ बाळं वाढतात का, हे मोठ्या अभ्यासात तपासलं गेलं आहे आणि तसा फरक दिसला नाही. तेव्हा पाठीला आराम म्हणून दहा मिनिटं करा. बाळ फिरलं नाही तर "हिनं फरशी पुसली नाही म्हणून" असं तिला कुणी बोलू नये, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे.

कळ आहे की नुसती पाठदुखी, हे कसं ओळखायचं

पाठ दुखायला लागली की तळहात पोटावर, बेंबीच्या वर ठेवा. पोट सैल असेल तर हाताला गालासारखं मऊ लागतं. कळ येऊ लागली की नाकाच्या शेंड्यासारखं, आणि भरात असताना कपाळासारखं टणक लागतं. पाठीतली कळ आली की पोटही कडक होतंच, पाठीच्या दुखण्यापुढं ते जाणवत नाही एवढंच. पाठ दुखते आणि त्याच वेळी हाताखाली पोट कपाळासारखं होतं, मग मऊ पडतं, पुन्हा काही वेळानं तेच. याला कळ म्हणायचं.

कुणीतरी घड्याळ घेऊन बसा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली, आणि कळ किती वेळ टिकली, हे कागदावर लिहा. पडल्यावर, चालल्यावर, पाणी प्यायल्यावर थांबतात त्या खोट्या. काहीही केलं तरी जवळ जवळ येत जातात आणि जोर धरतात त्या खऱ्या. एक गोष्ट मात्र चकवते. पोटातली कळ ओसरली की बाईला मधे पूर्ण आराम मिळतो. पाठीतल्या कळांत मधेही एक बोथट ठणका राहतो. त्यामुळं "हिचं दुखणं थांबतच नाही, म्हणजे कळा नाहीत" असं घरचे धरून चालतात, आणि तिथंच चूक होते.

दवाखाना गावातच असेल तर पहिलटकरणीनं ५ मिनिटांच्या अंतरानं, १ मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर किंवा जत-आटपाडीच्या टोकाला राहणाऱ्यांनी हा हिशेब धरू नये. कळा नियमित झाल्या की निघावं. १०२ ची गाडी गरोदर बाईसाठी मोफत असते, तातडीला १०८. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवेत. दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरत असतील आणि घर कृष्णा-वारणेच्या काठाला असेल, तर आधीच नातेवाइकांकडं, दवाखान्याजवळ येऊन राहा. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही वेळा घड्याळ बघत बसायचंच नसतं, थेट निघायचं असतं. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत कंबर ठरावीक अंतरानं दुखते आहे, अंगावरून रक्त जातंय, पाणमोट फुटून हिरवट किंवा काळपट पाणी येतंय, पोट दगडासारखं होऊन मऊच पडत नाही, बाळाची हालचाल कमी झाली, ताप-थंडीसह कुशीत दुखतंय आणि लघवीला जळजळ आहे, डोकं फुटायला आलंय, डोळ्यापुढं अंधारी येते. आधीचं सिझर असेल आणि दोन कळांच्या मधेही टाक्याच्या जागी दुखत राहिलं, तरीही लगेच निघा.

हात कुठं ठेवायचा

माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. लोखंडी कॉटवर मला उताणी निजवलं होतं आणि हलायचं नाही असं बजावलं होतं. कळ आली की वाटायचं, कंबरेचं हाड आता दोन तुकडे होऊन कॉटखाली पडणार. नर्सिंग शिकलेली असूनही मला स्वतःसाठी काही सुचत नव्हतं. पहाटे तीनच्या सुमाराला चादरी बदलायला एक वयस्क मावशी आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या चादरी खुर्चीवर ठेवल्या, मला कुशीवर वळवलं आणि मागून तळहात लावून असा दाब दिला, की संध्याकाळपासून पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. "कंबरंत घातलंय पोरानं डोस्कं. कळ आली की सांग, मी हाय." आणि त्या खरंच थांबल्या. पुस्तकात वाचलेलं मला त्या दिवशी त्या हातानं शिकवलं.

तेच आता तुम्हाला सांगते. सोबतिणीनं हे वाचताना समोर कुणाला तरी बसवून करून बघावं.

बाईला खुर्चीवर उलटी बसवा, म्हणजे तिचं तोंड खुर्चीच्या पाठीकडं आणि हात त्या पाठीवर टेकलेले. तिच्या कंबरेखाली दोन्ही बाजूंना दोन लहान खळगे असतात. त्यांच्या मधे आणि थोडं खाली, ढुंगणाची फट सुरू व्हायच्या वर, एक चपटं त्रिकोणी हाड हाताला लागतं. दाब या हाडावर द्यायचा. त्याच्या वरच्या, मणके लागणाऱ्या नाजूक भागावर द्यायचा नाही, आणि अगदी टोकाच्या माकडहाडावरही नाही.

कणीक तिंबताना तळहाताचा जो भाग आपण लावतो, मनगटाजवळचा जाड भाग, तो या हाडावर टेकवा. बोटं सैल. कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार त्या हातावर टाका. नुसत्या दंडाच्या ताकदीनं दाबाल तर तीन कळांत हात भरून येईल. दुसरा हात तिच्या कंबरेच्या पुढच्या हाडावर धरा, म्हणजे दाबाच्या जोरानं ती पुढं जाणार नाही. कळ सुरू व्हायच्या क्षणी दाब सुरू, भरात असताना तसाच ठाम, आणि ओसरताना हळूहळू सोडायचा. मधेच एकदम हात काढला तर तिला आधी होतं त्याहून जास्त दुखल्यासारखं वाटतं.

घासायचं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाईत सगळेच वरखाली चोळायला लागतात. कळेत चोळलेलं बहुतेकींना सहन होत नाही, कातडी सोलल्यासारखी होते. तेल लावून हलकं चोळायचं ते दोन कळांच्या मधे.

दाब नेमका कुठं हवा हे तिलाच माहीत असतं, आणि बाळ खाली सरकेल तशी जागाही बदलते. पण भर कळेत तिला बोलता येत नाही. म्हणून खुणा ठरवून ठेवा. एकदा बोट टेकवलं की "अजून जोरात", दोनदा टेकवलं की "खाली", हात उचलला की "सोड". तिनं "हात लावू नको" म्हटलं तर राग धरू नका. पुढच्या कळेला तीच हात ओढून लावून घेईल.

दोन हातांची आणखी एक रीत आहे. बाई पुढं वाकलेली असताना मागं उभं राहायचं, दोन्ही तळहात ढुंगणाच्या दोन बाजूंच्या मांसल भागावर ठेवायचे आणि दोन्हीकडून आत, किंचित वर असं दाबून धरायचं. याला ताकद लागते. एकदा जतकडची एक सासू-सून आल्या होत्या. सासूबाईंच्या हातात जोर राहिला नव्हता, पण त्यांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्या लेकाला दारातून आत बोलावलं, त्याचे हात स्वतः धरून सुनेच्या कंबरेला लावून दिले आणि म्हणाल्या, "लाजू नगंस. दाब." सून "आत्या, अजून जोरात सांगा त्यास्नी" असं म्हणत होती. तो घामाघूम झाला. सकाळी मुलगी झाली तेव्हा तिघंही सारखेच थकलेले होते.

सोबतीला दोघी असल्या तर उत्तम, आळीपाळीनं हात बदलता येतात. एकटीच असाल तर पायमोज्यात दोन टेनिस बॉल घालून गाठ मारा. हात थकला की तो मोजा त्या हाडाच्या दोन बाजूंना लावून दाबा, किंवा तिनं तो भिंत आणि पाठ यांच्या मधे धरून स्वतः रेलावं.

उताणं निजू नका

उताणं पडलं की बाळाचा सगळा भार मागं, पाठीवर येतो, आणि पोटामागची मोठी रक्तवाहिनीही दबते. आई घाबरीघुबरी होते, बाळाचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. पाठीतल्या कळांत तर उताणं निजणं म्हणजे दुखणं दुप्पट. दुसरी कुठलीही अवस्था त्याहून बरी, आणि पुढं वाकलेली सगळ्यात बरी.

घरी असताना स्वयंपाकाच्या ओट्यावर कोपरं टेकून वाका आणि कंबर सावकाश डावी-उजवी हलवा. जात्यावर बसल्यासारखं कंबरेनं गोल फिरा. लहान पोराला पाठीवर घेऊन घोडा-घोडा करतात तसं गादीवर गुडघे आणि हात टेका, छातीखाली उशा किंवा गोधडीची वळकटी घ्या. गुडघ्याखाली दुमडलेली चादर हवीच, नाहीतर पाठीपेक्षा गुडघे आधी बोलतील. कळांमध्ये या ओणव्या अवस्थेत पाठदुखी कमी होते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. एक पाय पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवून, सोबतिणीचा हात धरून, कळेत त्या गुडघ्याकडं हलकं झुकणंही काहींना मानवतं. थकवा आला की कुशीवर पडा, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. सोबतिणीला मागून दाब द्यायला ही अवस्था सोपी जाते.

एकच अवस्था तास-तास धरू नका. अर्ध्या तासानं बदला. आणि दर दोन तासांनी लघवीला जा, लागलेली नसली तरी. भरलेल्या लघवीच्या पिशवीमुळं डोकं खाली उतरायला अडथळा होतो. दुखण्यात याकडं कुणाचंच लक्ष राहत नाही, म्हणून हे काम सोबतिणीनं आठवणीत ठेवावं.

शेक, पाणी, पिशवी

रबरी गरम पाण्याची पिशवी दोन-तृतीयांश भरायची, दाबून हवा काढायची, टॉवेलात गुंडाळायची आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. सोसवली तरच तिच्या कंबरेला. पंधरा-वीस मिनिटं ठेवून मधे थोडी विश्रांती. दवाखान्यात रात्री गरम पाणी मिळेलच असं नाही, घरून थर्मास भरून न्या. काहींना गरमपेक्षा गार बरं वाटतं, मग ओला पंचा पिळून लावा. कॉटखाली निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. त्या धुराचा त्रास आईला होतो आणि पोटातल्या बाळालाही.

घरी न्हाणीत पाटावर पुढं वाकून बसायचं आणि सोबतिणीनं कंबरेवर कोमट पाणी तांब्या-तांब्यानं सावकाश ओतायचं. मला विचाराल तर घरातला याहून चांगला उपाय नाही. पाणी अंगाला सोसेल इतकंच, कढत नको. एकटीला मात्र न्हाणीत सोडू नका, पाय घसरतो.

खाणं हलकं. तांदळाची पेज, खजूर, ताक, लिंबाचं सरबत, थोडं थोडं. सिझरची शक्यता सांगितली असेल तर डॉक्टरांना विचारूनच. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजू नका. आणि "कळांचं इंजेक्शन" घरी किंवा गावातल्या खोलीत कुणाकडूनही टोचून घेऊ नका. त्यानं गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. ते औषध सलाइनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं.

दवाखान्यात न्यायच्या पिशवीत सैल गाउन, दोन पंचे, पायमोजे आणि बॉल, खोबरेल तेल, स्ट्रॉ, शेकायची पिशवी. एका वेगळ्या कव्हरमध्ये माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार, बँकेचं पासबुक.

दवाखान्यात काय बोलायचं

आठव्या महिन्यात एकदा, काही होत नसताना, त्या दवाखान्यात जाऊन या. लेबर रूम कुठं, रात्रीचं दार कुठलं, सोबत कोण आत येऊ शकतं, हे विचारा. सरकारी दवाखान्यात लेबर रूममध्ये एक सोबतीण असावी अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१६ पासून आहेत, आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या, लेबर रूम सुधारण्यासाठीच्या "लक्ष्य" कार्यक्रमातही सोबतिणीला जागा आहे. आडोशाची सोय असेल तिथं नवऱ्यालाही येता येतं. प्रत्यक्षात कुठं गर्दी असते, कुठं जागा नसते. म्हणून आधी, शांतपणे, नम्रपणे विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, सिझर लागलं तर तेही जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतं.

दाखल होताना पहिलं वाक्य असं असू द्या: "सिस्टर, कळा पाठीत आहेत. कुशीवर राहिलं, ओणवं बसलं तर चालेल का?" एवढं कानावर पडलं की आम्हालाही तपासताना बाळाचं तोंड कुठं आहे ते बघायचं लक्षात राहतं. सलाइन चालू असली, पोटावर ठोक्यांचा पट्टा असला तरी कुशीवर पडता येतं, बसता येतं. तपासायला उताणं निजावं लागेल, पण तपासून झालं की वळा.

वेळेचा अंदाज मनात असू द्या. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून पुढं पहिलटकरणीला साधारण १२ तासांच्या आत पूर्ण उघडतं, आणि पूर्ण उघडल्यावर बाळ यायला ३ तासांपर्यंत लागू शकतात. पाठीतल्या कळांत हा वेळ बहुधा लांबतो. त्यामुळं तीन तासांनी "अजून काहीच कसं होईना" असं दारातल्या नातेवाइकांनी मोठ्यानं विचारू नये, ते आत ऐकू येतं.

इंजेक्शनाबद्दल खरं-खोटं

एपिड्युरल म्हणजे मणक्यांच्या मधून बारीक नळी घालून औषध देतात, कंबरेखालचं दुखणं बरंचसं जातं. त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर लागतात. सांगली-मिरज, कराड, सातारा अशा ठिकाणी मोठ्या दवाखान्यांत चौकशी करा, रात्री मिळतं का आणि खर्च किती हेही विचारा. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा मिळणार नाही. त्यानं रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, शेवटचा टप्पा लांबू शकतो. बधिर भागावर गरम पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.

"पाठीत इंजेक्शन घेतलं म्हणून जन्माची कंबर गेली" हे मी रोज ऐकते. टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं, पण कायमची पाठदुखी त्यानं लागते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी इंजेक्शन न घेतलेल्यांनाही होते. वाकून पाजण्यानं, सैल पडलेल्या पोटाच्या स्नायूंनी, झोप नसल्यानं.

कंबरेच्या त्या त्रिकोणी हाडावर चार ठिकाणी कातडीत शुद्ध पाण्याचे अगदी छोटे, ०.१ मिलिलिटरचे डोस देण्याचीही एक पद्धत आहे. अर्धा मिनिटभर गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, मग तास-दोन तास पाठीला आराम मिळू शकतो. आपल्याकडं ती फारशी वापरली जात नाही, पण विचारायला हरकत नाही. वेदनाशामक इंजेक्शनं बऱ्याच ठिकाणी देतात. त्यांनी झोप येते, मळमळतं, आणि काही औषधं जन्माच्या अगदी जवळ दिली तर बाळ सुस्त असू शकतं, म्हणून ती वेळ बघून देतात. दुखणं सोसवत नाही म्हणून औषध मागितलं तर त्यात काही कमीपणा नाही.

जोर कधी करायचा

बाळाच्या डोक्याची मागची बाजू पाठीकडं असली की शौचाच्या जागेवर लवकर दाब येतो. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसतानाच बाईला जोर करावासा वाटतो. दारातून आवाज येतो, "कर जोर, कर!" थांबा. "सिस्टर, जोर येतोय" असं सांगा आणि तपासून घ्या. तोंड उघडायच्या आधी जोर केला की ते सुजू शकतं आणि वेळ आणखी लांबू शकतो. तेवढी कळ काढायला ओणवं होऊन छाती खाली, कंबर वर करा आणि फुंकर मारल्यासारखे छोटे श्वास सोडत राहा. सोबतिणीनं तिच्या कानाशी स्वतः फुंकर मारून दाखवावी, शब्दांपेक्षा ते लवकर पोचतं.

आणि जोर करताना कुणीही वरून पोट दाबू नये. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. पाठीमागून हाडावर दिलेला दाब वेगळा आणि वरून पोटावर दिलेला दाब वेगळा.

बाळ फिरलंच नाही, ठोके उतरू लागले, आणि डॉक्टरांनी सिझर सांगितलं, तर "एवढं सोसून काय उपयोग झाला" असं तिच्यापुढं म्हणू नका. त्या वेळी तिला तुमचा हात आधीपेक्षा जास्त लागतो.

नंतरची पाठ

जिथं रात्रभर दाब दिला ती जागा दोन-तीन दिवस हुळहुळी राहते, कधी निळसर वळही दिसतो. तिथं अंग रगडणाऱ्या बाईला जोर लावू देऊ नका, कोमट शेक पुरे. टाके असतील तर पोट रगडणं आणि पोटपट्टा करकचून बांधणं टाळा. पाजताना बाळाला उशीवर घेऊन स्वतःकडं आणा, तुम्ही बाळावर वाकू नका. माकडहाड दुखत असेल तर मऊ गादीपेक्षा गोल गुंडाळलेल्या टॉवेलावर, टोकाचं हाड अधांतरी राहील असं बसा. बहुतेकींचं दोन-चार आठवड्यांत निवळतं. पाय बधिर पडले, चालताना लटपटले, लघवी कळेनाशी झाली किंवा अडली, पाठदुखीबरोबर ताप आला, तर सव्वा महिना व्हायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात परत या.